सुशीलाचा उजवा पाय आणि दिगंबर

दिगंबर गेल्याची खबर माझ्याच मोबाईलवर आली, पण ती माझ्यासाठी नव्हती. सकाळी साडेसातला जळकोटहून त्याच्या मुलीचा फोन. "काका, काकूंना द्या ना जरा." मी म्हटलं, काय झालं ते मला सांग. पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "न्हाई काका, बाबांनी सांगून ठेवलं होतं, आधी काकूंना कळवायचं, मग तुम्हाला." मी काय समजायचं ते समजलो आणि फोन सुशीलाच्या हातात नेऊन दिला. सुशीला म्हणजे माझी बायको. ती खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होती. तिनं ऐकलं, "कधी?" एवढंच विचारलं, फोन मांडीवर ठेवला आणि रडली. तिचे वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. पन्नास वर्षांचा मित्र गेल्याचं दुःख मला झालं, नाही असं नाही. पण ते दुसऱ्या नंबरचं होतं. त्याआधी माझ्या पोटात दुखलं. मी गेलो तर ही अशी रडेल का, हा विचार आधी आला. वयाच्या पंचाहत्तरीत हे कबूल करायला लाज वाटते, पण आता कुणापासून लपवायचं?

या गोष्टीला आता महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा रिवाज आहे. दिगंबरबद्दल चांगलं लिहायला काहीही कष्ट नाहीत, आणि माझा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. आम्ही एकाच वर्षी मेडिकलला गेलो. मी नायगावकडच्या पाटलाच्या घरातला, घरी भरपूर जमीन, पहिल्या वर्षापासून पहिला नंबर. तो जळकोटजवळच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातला, आई-बाप मजुरी करणारे, परीक्षेत जेमतेम पास. पण वॉर्डात पेशंट माझ्याशी बोलत नसत, त्याच्याशी बोलत. मी अर्धा तास डोकं खाजवून केस लिहायचो आणि हा कॉटच्या कडेला टेकून म्हातारीला "आजी, झोप लागती का गं तुला?" असं विचारून नेमकी गोष्ट काढायचा. एकदा मेसमध्ये मी चारचौघांत बोलून गेलो, "सवलतीनं आलेल्याला नंबराची काळजी कशाला? त्याला गप्पा मारायला वेळच वेळ." तो मागच्या टेबलावर होता हे मला ठाऊक नव्हतं... किंवा होतं. त्यानं आमटी संपवली, ताट धुतलं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्या वॉर्डात लवकर ये. एका पेशंटचं मजेशीर पोट दाखवतो तुला." मी गेलो नाही. ते पोट काय होतं हे मला आजतागायत माहीत नाही.

पुढं मी एम.डी. झालो, नांदेडला दवाखाना टाकला, दारावर पितळी पाटी लावली. तो जळकोटच्या आरोग्य केंद्रात लागला आणि तिथलाच झाला. त्याच सुमारास लातूर जिल्हा वेगळा झाला. दिगंबरच्या दृष्टीनं एवढाच फरक की उस्मानाबादला जाणारे कागद आता लातूरला जाऊ लागले आणि त्याच्या केंद्राला एक जुनी जीप मिळाली. सुशीलाला मात्र केवढा आनंद! तिचं माहेर लातूरचं. ती आमच्या मुलीला कडेवर घेऊन माहेरी गेली होती, मिरवणूक बघितली, भावांनी तिला गुलालात न्हाऊ घातलं. परत आली आणि मला म्हणाली, "अहो, एक गंमत झाली. डावा डोळा झाकला की गुलाल गुलालासारखा दिसायचा, आन् उजवा झाकला की राखेसारखा." मी जेवत होतो. मी म्हणालो, "नवा जिल्हा, नवी भेसळ." या विनोदावर मी एकटाच हसलो. डोळा फिरवला की दुखतो, असंही ती म्हणाली. त्या वर्षी पाऊस असा नव्हताच, सगळीकडे धूळ उडत होती, म्हणून मी धुळीवर ढकललं आणि डोळ्यात घालायचे थेंब दिले. तीन-चार आठवड्यांत डोळा आपोआप बरा झाला, आणि त्याचं श्रेय मी थेंबांना दिलं.

मग दुष्काळ पडला. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं आणि आमच्या नळाला पाणी नव्हतं, अशी मजा. गल्लीच्या टोकाला हापसा होता, तिथं बायांची रांग. सुशीला दोन घागरी घेऊन जायची. दुपारी परतताना तिचा उजवा पाय जड व्हायचा, संध्याकाळी उन्हं उतरली की पुन्हा ठीक. एकदा पायरीवर अडखळून भरलेली घागर सांडली, तर गल्लीतल्या बाया तिच्यावर चवताळल्या. त्या दिवसांत सांडलेलं पाणी कोण माफ करणार? ती थकलेली दिसायची, पण थकलेलं कोण नव्हतं? मी तिला अशक्तपणा ठरवला आणि बी-ट्वेल्व्हची लाल इंजेक्शनं सुरू केली. बरं, चपला. चार महिन्यांत तिच्या तीन चपला झिजल्या, प्रत्येक वेळी उजवीच, अंगठ्यापुढं. मी रागावलो, "पाय उचलून चालायला काय होतं?" शेवटी चपलेच्या दुकानात जाऊन मालकाला दम भरला. त्यानं चप्पल उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाला, "डागदरसाब, खोटा माल असता तर दोन्ही झिजल्या असत्या." दुकानदाराला जे कळलं ते मला कळलं नाही. मी तावातावानं नवी जोडी घेतली आणि घरी आलो.

मे महिन्यात दिगंबर एका पेशंटला घेऊन नांदेडला आला आणि दुपारी जेवायला घरी. मी आतून हाक मारली, तरी हा उंबऱ्याशीच उभा, मान खाली. मी म्हटलं, "अरे ये की, चपला काय बघून राहिलास?" तो हसला. "आमचा आजा पाटलाच्या घरापुढून जाताना चपला हातात घेऊन जायचा. तवापासून आमच्या घराण्याला चपलाकडं बघायची सवय हाय, दोस्ता." आमचं घर पाटलाचंच. मी हसलो नाही. जेवताना त्यानं सुशीलाला सहज विचारावं तसं विचारलं, "वहिनी, ती चप्पल किती दिवसांची?" ती म्हणाली, "दोन महिनेबी झाले न्हाईत, भाऊजी. मी पाय घासत चालते म्हणून हे रागावतात." "एक पाय घासता का दोन्ही?" यावर तिनं हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली आणि त्याच्याकडं बघत राहिली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जेवणं झाल्यावर तो तासभर तिच्यासमोर बसला. मी दोनदा मध्ये बोललो, "अशक्तपणा आहे रे, इंजेक्शनं चालू आहेत," आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडं न बघता नुसता हात वर केला. सुशीलाला तारखा आठवत नव्हत्या, पण दुष्काळ आठवत होता. हापशाला पहिल्यांदा रांग लागली तेव्हा पाय जड झाला. त्याच्या आधी, जिल्हा झाला तेव्हा डोळा. हापशाखाली घागर लावायला मान वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं, हे कधीपासून, तर गेल्या महिन्यापासून. हे करंटचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग तो म्हणाला, "आन् वहिनी, सांगायला लाज वाटती असं काही होतं का?" तिनं माझ्याकडं पाहिलं. दिगंबर म्हणाला, "दोस्ता, जरा प्यायला पाणी आण." माझ्या घरातून, माझ्या बायकोसमोरून, मला पाणी आणायला पाठवण्यात आलं. परत आलो तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. काय सांगितलं ते मला पुढं हैदराबादच्या डॉक्टरांच्या कागदावर वाचून कळलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानं माझ्याच फडताळातली बी-ट्वेल्व्हची लाल बाटली उचलली आणि उजेडात धरली. एक डोळा झाकून विचारलं, कशी दिसती? "लाल." दुसरा झाकून विचारलं. ती थबकली. "भाऊजी, डाव्या डोळ्यानं अजून फिकीच दिसती की वो. गुलालासारखीच झाली ही." तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, पाय पुढं करा." सुशीला चटकन मागं सरकली. "अगं बाई! पायाला हात लावू नका, भाऊजी." तो म्हणाला, "दवाखान्यात मी कुणाचा भाऊजी न्हाई. आन् आत्ता ही खोली दवाखाना हाय." तिनं पाय पुढं केला. त्यानं जीपच्या किल्लीनं तळव्याच्या कडेनं एक रेघ ओढली. निरोगी माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. मेंदूकडून पायाकडं येणाऱ्या वाटेत कुठं खराबी असली तरच वर जातो. ही खूण आम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच शिकवतात. सुशीलाचा अंगठा सावकाश वर गेला. मी दारात उभा राहून बघत होतो. हजारो तळव्यांवर अशी रेघ मी ओढली असेल. बायकोच्या पायाला नवऱ्यानं हात लावायचा नाही, तिला पाप लागतं, असं आमच्याकडं मानतात. तिनं लावू दिला नसता हे खरं. पण मी कधी मागितलाही नव्हता, हे त्याहून खरं.

त्यानं मला बाहेर ओट्यावर नेलं. "मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतंय," तो म्हणाला. मी उसळलोच. "तो गोऱ्या लोकांचा आजार आहे. आपल्याकडं नसतो तो." तेव्हा आम्हाला शिकवलंच तसं होतं. थंड देशातला आजार, परीक्षेत विचारला तर लिहायचा, पेशंटमध्ये शोधायचा नाही. दिगंबर शांतपणे म्हणाला, "आपल्या पुस्तकात न्हाई म्हणून आपल्या माणसात न्हाई व्हय? बघ की, डोळा येगळ्या येळी, पाय येगळ्या येळी. डोळ्याची नस येगळी, पायाची वाट येगळी. डोळा आपोआप बरा झाला. उन्हात वाढतं, सावलीत उतरतं. वायरीवरचं आवरण जागोजागी झिजल्यावानी हाय हे. पण मी हाय म्हणत न्हाई, असू शकतंय म्हणतो. मणक्याचा टीबी, गाठ, रक्तातली कमतरता, आधी सगळं खोडून काढू. हैदराबादला मेंदूच्या डॉक्टरला दाखव. उशीर करू नको." त्या 'असू शकतंय'चा मला आजही हेवा वाटतो. मी आयुष्यभर पेशंटला पहिल्या पाच मिनिटांत 'आहे' किंवा 'नाही' सांगत आलो.

त्यानं तिथंच बसून दोन पानी चिठ्ठी लिहिली, तिनं माझ्यासमोर सांगितलेल्या सगळ्या खुणा क्रमानं, आणि माझ्या हातात दिली. आता इथं मला थांबून श्वास घ्यावा लागतोय... ती चिठ्ठी मी हैदराबादला नेली नाही. माझ्या लेटरहेडवर, माझ्या झोकदार इंग्रजीत, मी ती उतरवून काढली आणि खाली माझी सही केली. एक गोष्ट गाळली, गुलालाची. कारण त्या वाक्यापाशी आलं की माझाच विनोद मला ऐकू यायचा. हैदराबादच्या वृद्ध डॉक्टरांनी पत्र वाचलं, सुशीलाला तपासलं, कण्यातलं पाणी काढलं, मणक्याच्या तपासण्या केल्या, टीबी आणि गाठ बाजूला सारली. शेवटी म्हणाले, बहुधा तेच आहे, काळच पक्कं सांगेल. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टर, हे ओळखणारी नजर मोठ्या शहरातसुद्धा दुर्मीळ आहे. आणि तेही स्वतःच्या घरात!" सुशीला शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "थँक यू, सर." तिला तेवढं इंग्रजी कळत होतं. परतीच्या गाडीत ती एवढंच बोलली, "भाऊजींना कळवा, त्यांचं बरोबर निघालं म्हणून." मी हो म्हणालो आणि महिन्यानं पोस्टकार्ड टाकलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण पुढच्या वर्षी नांदेडच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी ही केस मांडली. माझी केस म्हणून. फळ्यावर मज्जारज्जू काढला, खडूनं ठिपके दिले, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात मागच्या रांगेत दिगंबर होता; त्यालाही आमंत्रण गेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. "लई झकास मांडलंस रे," तो म्हणाला, "फक्त गुलालाचं सांगायचं राहिलं." आणि बिस्किट घ्यायला गेला. त्यानं चिडावं, भांडावं, चार लोकांत माझी इज्जत काढावी, म्हणजे मला त्याचा राग तरी करता आला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं माझं, आणि कळसा दाखवणाऱ्याच्या हातून मी तो हिसकावून घेतला होता.

औषधांनी सुशीलाला त्या वेळी उतार पडला. मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा झटका, पुन्हा उतार, प्रत्येक उतारात थोडं मागं राहिलेलं. आधी काठी, मग वॉकर, मग खुर्ची. बऱ्याच वर्षांनी एमआरआय आलं आणि मेंदूतले पांढरे डाग पडद्यावर दिसले तेव्हा 'बहुधा' गळून पडलं. या सगळ्या काळात दिगंबर नेमानं यायचा. आधी तीन-तीन महिन्यांनी, निवृत्तीनंतर दर दोन महिन्यांनी, पहिल्या रविवारी. तो येणार त्या दिवशी सुशीला सकाळपासून हसरी. त्याला आवडतं म्हणून अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. मला अंबाडी आवडत नाही, हे तिला पन्नास वर्षांत आठवलेलं नाही. मी विचारलं, कसं वाटतं? तर उत्तर ठरलेलं, "बरंय." त्यानं विचारलं की तासभर बोलणं. दारामागून मला तिचं हसणं ऐकू यायचं. एकदा मी चिडून म्हणालो, "मी एम.डी. आहे, चोवीस तास घरात आहे, मला का नाही सांगत?" ती म्हणाली, "तुम्ही लगेच नाव सांगता. भाऊजी आधी ऐकतात." ती हे रागानं म्हणाली असती तर मी विसरलो असतो. ती अगदी साधेपणानं म्हणाली.

गेल्या थंडीत मी एकटाच जळकोटला गेलो. त्याचं हृदय थकलं होतं, पायावर सूज होती, तरी ओसरीत चार पेशंट बसलेले. ते गेल्यावर मी धीर करून म्हणालो, "दिगंबर, ते हैदराबादचं पत्र..." त्यानं मला पुढं बोलूच दिलं नाही. "ते सोड रे. तू नीट लिहिलंस म्हणून त्या साहेबानं वाचलं. माझं अक्षर बघून चिठ्ठी बाजूला ठेवली असती त्यानं. वहिनीचं काम झालं ना? मग झालं तर." मी तिथून निघालो तो धुसफुसतच. चाळीस वर्षं साठवलेली माफी मागायला गेलो होतो, आणि त्यानं मला तेवढंही मिळू दिलं नाही. ती आमची शेवटची भेट.

परवा पहिला रविवार होता. सुशीला सकाळीच आवरून खुर्चीत बसली. अंबाडी केली नव्हती. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर पुढं धरून बसलो होतो. दहा वाजले, अकरा वाजले. शेवटी मी विचारलं, "कुणाची वाट बघून राहिलीस?" ती म्हणाली, "कुणाची न्हाई. सवय." थोड्या वेळानं म्हणाली, "पंधरा दिवस झाले, डाव्या पायालाबी मुंग्या येऊन राहिल्या." मला सांगितलं तिनं. मला! नाव जिभेवर आलं होतं, कारण आलं होतं, औषधाचा डोससुद्धा आला होता. मी ते सगळं गिळलं आणि विचारलं, "कुठवर येतात? सकाळी जास्त का संध्याकाळी?" तिनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं आणि सांगत गेली. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "बघू का?" तिनं दोन्ही हातांनी साडीचा काठ वर घेतला. मी खुर्चीसमोर जमिनीवर बसलो, गुडघे कुरकुरले, आणि तिचा पाय हातात घेतला. पाय किती हलका झालाय हे मला माहीत नव्हतं. तिनं अंग चोरलं.

"भाऊजी आधी हात चोळून गरम करायचे," ती म्हणाली.

मी पाय हळूच खाली ठेवला, तळहात एकमेकांवर चोळले, आणि पुन्हा तिच्या पायावर ठेवले.

"अजून गारच आहेत," ती म्हणाली. मी पुन्हा चोळायला लागलो.